गादी माझी, दंडही मलाच

9,350 रुपये. एक दिवाण, दोन गाद्या आणि एक मोडका सोफा घराबाहेर काढायला मला एवढे पडले. वर सोसायटीच्या ग्रुपवर जी शोभा झाली ती वेगळीच.

लिफ्टमध्ये स्टिकर होतं, ‘जुने फर्निचर घरपोच उचलू, 100% रिसायकलिंग, पालीका मान्य’. ‘पालिका’सुद्धा धड लिहिता येत नाही, तिथेच ओळखायला हवं होतं. पण दिवाळी आठवड्यावर आली होती. घंटागाडीवाले गादीला हात लावत नाहीत, भंगारवाल्याला फक्त लोखंड हवं असतं. हेल्पलाइनला मी तीनदा फोन केला. दर वेळी ‘वॉर्डात विचारा’. आता मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी सांगावं, सहा फुटी दिवाण मी ओल्या कचऱ्यात टाकायचा की सुक्या?

ठरले होते 1,800. टेम्पो आला, पोरं चटपटीत, ‘ताई, ताई’ करत बोलणारी. दिवाण लिफ्टमध्ये मावेना म्हणून चार मजल्यांचे दीडशेप्रमाणे 600 आणखी. ठीक आहे, ओझं होतंच. सगळं चढवून झालं, दोरी बांधली आणि मग तो म्हणाला, “ताई, डम्पिंगची एंट्री फी साडेसातशे.”

ही ती वेळ. अजून रात्री आठवते. रिसायकलिंगला चाललंय तर डम्पिंगची फी कशाला? टेम्पोत आधीच फुटक्या टाइल्सच्या गोण्या होत्या, एक कमोडही होता. तेही मी पाहिलं. पावती मागितली तर हसला, “कचऱ्याची कसली पावती? व्हॉट्सॲप करतो.” मीही हसले. हसले! एकूण 3,150 पाठवले आणि दार लावून फराळाला लागले.

नवव्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. खाडीकाठच्या तिवरांत, म्हणजे खारफुटीत, चिखलात आमची गादी. हिरव्या चौकड्यांचा अभ्रा आईने शिवलेला, लांबूनही ओळखला. दिवाणाच्या ड्रॉवरमध्ये आमचं जुनं वीजबिल राहिलं होतं, नाव-पत्त्यासकट. (देण्याआधी प्रत्येक खण उपडा करा. प्रत्येक.) नोटीस आली ती मला. 5,000 दंड आणि माल उचलायचे 1,200.

घनकचरा नियमांनुसार ज्याचा कचरा, त्याने तो रस्त्यावर, नाल्यात, पाण्यात टाकायचा नाही. कबूल. तिवरांचं तर हायकोर्टाने 2018 मध्ये बजावलंय, तिथे कचरा-राडारोडा नको, भोवतीच्या 50 मीटरमध्ये बांधकामही नको. तेही कबूल. पण टाकलं कोणी? माझ्याकडे टेम्पोचा नंबर होता, पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट होता, त्याचा फोन नंबर होता. वॉर्ड कार्यालयातल्या साहेबांनी स्क्रीनशॉटकडे बघितलंही नाही. “तुम्ही खासगी माणसाला दिलंच का?” मग कोणाला द्यायचं, विचारलं तर उत्तर, “त्यासाठी अर्ज असतो.” अर्ज कुठे मिळतो? ज्या टेबलावर मिळतो तो माणूस रजेवर. चौकीत गेले तर, पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, यात गुन्हा कसला? परत कार्यालयात पाठवलं. दोन ठिकाणी मिळून पाच खेपा, रिक्षाचं भाडं मी मोजलंच नाही. बिल सापडलं म्हणून मी सापडले. नंबर प्लेटवाल्याला शोधायला कष्ट पडतात ना!

माझी बहीण पुण्यात असते. तिथे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची संस्था आहे. त्यांच्या जमा मोहिमेत तिने गादी आणि कपाट दिलं. आपल्याकडे असं काही आहे का, हे घर आवरायच्या महिनाभर आधी शोधा, दिवाळीच्या तोंडावर नाही. कापसाची गादी असेल तर आधी पिंजाऱ्याला विचारा, कापूस कामाचा असतो. गाडी कुठे जाणार ते लेखी घ्या, मोघम उत्तर मिळालं तर दोरी सोडायला लावा. अर्धे पैसे सामान पोचल्याचा फोटो आल्यावरच. टेम्पोचा फोटो नंबरप्लेटसकट काढा, त्याला दिसेल असा.

परवा लिफ्टमध्ये नवं स्टिकर होतं. मोबाइल नंबर वेगळा, ‘पालीका’ तशीच. नखाने खरवडलं, निम्मं अजून चिकटून आहे.