बॅटरी खरी निघाली, म्हणूनच फसलो

माझी मुलगी इंदूरच्या खंडवा रोडवरच्या विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. आम्ही राहतो सुदामा नगरात. सकाळी साडेआठची सिटी बस, परत यायला साडेसहा. वर्गात भिंतीला प्लगच्या दोनच जागा, त्याही पहिल्या बाकापाशी. म्हणून गेल्या जुलैत लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा तिचा एकच हट्ट होता, दिवसभर चार्जर शोधत फिरावं लागू नये. दुसरी अट तिच्या सरांची. पुढच्या सत्रात सिम्युलेशन असतात, एकच आकडेमोड हजारो वेळा करायची, तर प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी मुख्य चिप, बरा बघून घ्या.

माझी भिशी लागली होती, १८,००० रुपये. एवढ्यात या दोन्ही अटी एका यंत्रात बसत नाहीत, हे आम्हाला चारांपैकी तीन दुकानदारांनी स्पष्ट सांगितलं होतं. या पैशात एक तर अकरा इंची, हलकं, नवं यंत्र मिळतं, ज्याला पूर्वी नेटबुक म्हणायचे. त्याचा प्रोसेसर साधा, पण वीज अगदी बेताने खातो. नाही तर कंपन्यांतून निघालेला जुना, रिफर्बिश केलेला जाड लॅपटॉप. त्यात आय-फाइव्ह हा इंटेलचा दमदार प्रोसेसर असतो, पण वापरून थकलेली बॅटरी अडीच-तीन तासांत मान टाकते. एका वयस्क दुकानदाराने तर मुलीला समोर बसवून सांगितलं, “बेटा, इस बजट में या तो चार्जर साथ रखना पड़ेगा, या सब्र.” आम्हाला वाटलं, यांना विकायचंच नाही. आणि आम्ही उठलो. त्या माणसाची आठवण झाली की आजही मला वाईट वाटतं.

चौथ्या दुकानात आम्ही दोघी आपसात बोलत होतो, ते ऐकून आतला मुलगा पुढे आला. “ताई, मराठी का? माझं आजोळ बऱ्हाणपूरचं.” इंदुरात आपण दिवसभर बाजारात हिंदीच बोलतो. कोणी मराठीत ताई म्हटलं की माणूस घरचा वाटतो. त्याने शोकेसमधून नाही, तर मागच्या खोलीतून एक चंदेरी, चपटा लॅपटॉप आणला. हातात घेतला तर वहीसारखा. “इम्पोर्टेड ओपन बॉक्स पीस आहे, म्हणजे खोका आधीच उघडलेला. म्हणून या भावात. आय-फाइव्ह आहे आणि बॅटरी आठ तास.” कडेला आय-फाइव्हचं चकचकीत स्टिकर होतं. मुलीने स्टिकरवर विश्वास ठेवला नाही, सिस्टिमची माहिती उघडायला लावली. पडद्यावर लिहिलं होतं, इंटेल कोअर आय-फाइव्ह, ७२०० यू. तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती, ४ जीबीच होती, तर तो मुलगा म्हणाला, आय-फाइव्ह असल्यावर तेवढी पुरते.

१७,५०० ला सौदा ठरला. पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के जीएसटी वर लागेल म्हणाला, म्हणून मी कच्च्या बिलावर तयार झाले. ही माझी चूक, मुलीची नाही. तिने निदान एवढं केलं, की त्या चिठ्ठीवर त्याच्याच हाताने “आय ५, बॅटरी ८ तास” लिहून घेतलं. एक महिन्याची टेस्टिंग वॉरंटी. १०,००० यूपीआयने दिले, उरलेले रोख.

आणि बॅटरी खरोखर चालली. पहिल्या आठवड्यात ती रोज घरी येऊन मला आकडा दाखवायची, आज २५ टक्के शिल्लक, आज ३०. नोट्स, पीडीएफ, तासाच्या मधल्या वेळात व्हिडिओ, सगळं होऊन शिल्लक. मी इतकी खूश होते की श्रावणात मंगळागौरीला जमलेल्या बायकांना त्या दुकानाचा पत्ता दिला. त्यातल्या एकीने मुलासाठी तिथूनच घेतला.

दिवाळीनंतर सिम्युलेशन सुरू झाली. मैत्रिणींच्या लॅपटॉपवर जो प्रोग्रॅम दहा-बारा मिनिटांत संपायचा, तो आमच्याकडे पाऊण तास फिरायचा. कधी मधेच यंत्र असं अडकायचं की माउसही हलेना. तिच्या मैत्रिणीकडेही आय-फाइव्हच. मग फरक कशात? मुलीने ठरवून टाकलं की आपण प्रोग्रॅमच चुकीचा लिहितो. तीन आठवडे ती तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा लिहीत राहिली. रात्री दोन-दोनपर्यंत. एकदा मला म्हणाली, “आई, मला हे जमत नाही बहुतेक.” आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, तू घाईत लिहितेस, नीट बघ. यंत्राबद्दल आम्हा दोघींना शंकाच आली नाही. आठ तास म्हणाले होते, आठ तास चालत होतं. एक शब्द खरा ठरला, म्हणून दुसराही खराच असं आम्ही धरून चाललो. पैशांपेक्षा मला हे तीन आठवडे जास्त लागले आहेत.

जानेवारीत चार्जिंगची पिन ढिली झाली, म्हणून जेल रोडवर एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने लॅपटॉप उघडलाही नाही. आधी चार्जर हातात घेतला, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, “मैडम, इसको आई-फाइव बोल के दिया है?” चार्जरवर लिहिलं होतं, १२ व्होल्ट, २ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार २४ वॅट. आय-फाइव्हच्या लॅपटॉपला साधारण ४५ किंवा ६५ वॅटचा चार्जर येतो. मग त्याने यंत्र उलटं केलं. कुठेही हवा जायची जाळी नव्हती. आत फॅनच नव्हता. फॅनशिवाय चालणारे काही आय-फाइव्ह असतात, पण ते वेगळ्या मॉडेलचे आणि महागड्या यंत्रांतले. पडद्यावर नाव दाखवत होता तो ७२०० यू १५ वॅटचा आहे, म्हणजे जोरात चालताना साधारण तेवढी वीज खातो. त्याला गार ठेवायला बहुतेक यंत्रांत फॅन लागतो.

मग त्याने टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्रात काय चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला. वर ठळक अक्षरांत आय-फाइव्ह ७२०० यू, २.५ गिगाहर्ट्झ. पण खाली कोपऱ्यात बेस स्पीड १.१० गिगाहर्ट्झ. कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, २. लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे एका वेळी चालू शकणारी कामं, तीही २. खऱ्या ७२०० यू मध्ये कोअर दोनच असतात, पण लॉजिकल प्रोसेसर ४ दिसतात. मुलगी माझ्या शेजारी उभी होती, एकदम म्हणाली, “सुरू होताना रोज एक काळी चौकट चमकून जाते.” तो हसला नाही, मान हलवून म्हणाला, वही है. विंडोज सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत एक निनावी फाइल होती. ती त्याने बंद केली, यंत्र पुन्हा चालू केलं, आणि त्याच जागी आलं, इंटेल सेलेरॉन एन ४०२०, इंटेलचाच पण साधा, स्वस्त प्रोसेसर.

त्याने समजावलं ते सांगते. विंडोज प्रोसेसरचं नाव एका नोंदीतून वाचून दाखवतं. यंत्र चालू होताना ती नोंद खरीच भरली जाते, पण पाठोपाठ ही फाइल चालते आणि त्यावर आपलं नाव लिहिते. म्हणून दुकानदार जी खिडकी उघडून दाखवतो तिला काही अर्थ नाही. सीपीयू-झेड नावाचा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम थेट चिपला विचारतो. तो पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि पैसे देण्याआधी स्वतः चालवा. चालवू देत नसेल, तर तिथून उठा.

आठ तास कुठून आले, हेही त्याने कागदावर मांडून दाखवलं. आमची बॅटरी ३८ वॅट-अवरची, म्हणजे ३८ वॅट खाणारं यंत्र एक तास चालेल इतकी. सेलेरॉन एन ४०२० चा आकडा ६ वॅटचा. साधं वाचन, टायपिंग चालू असताना पडद्यासकट सगळं यंत्र मिळून पाचेक वॅट खातं. ३८ भागिले ५, साडेसात तास. १५ वॅटचा प्रोसेसर जोरात चालवला, वर पडद्याचे तीन-चार वॅट धरले, तर हीच बॅटरी दोन तास टिकेल. म्हणजे आम्ही रोज संध्याकाळी जी टक्केवारी बघून खूश व्हायचो, तीच मुळात सांगत होती की आत आय-फाइव्ह नाही. १७,५०० रुपयांत, वहीएवढ्या वजनात, सिम्युलेशन झेपणारा आणि दिवसभर टिकणारा लॅपटॉप कोणी दाखवत असेल, तर वॅटचा हा हिशेब तिथेच करा. बॅटरीवर वॅट-अवर छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले मिलीअँपिअर-अवर, भागिले हजार.

सेलेरॉन वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला टाइप करायचंय, व्हिडिओवर शिकायचंय, त्याला तो पुरेसा आहे आणि बॅटरी उत्तम देतो. आम्हाला खरं सांगून विकला असता, तर कदाचित तोच घेऊन जड कामासाठी प्रयोगशाळेतलं यंत्र वापरायचं असं आम्ही ठरवलं असतं. तो निर्णय आमचा असता. आणि त्याची किंमतही १७,५०० नसती. रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे, वाढवता येत नाही. एसएसडी, म्हणजे फाइली ठेवायची वेगवान जागा, म्हणून सांगितलेली ती ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे स्वस्त आणि संथ प्रकारची, निघाली.

दुकानात परत गेलो तेव्हा तोच मुलगा होता. आता तो हिंदीत बोलत होता. म्हणाला, टेस्टिंग वॉरंटी एक महिन्याची होती, आमच्याकडून गेला तेव्हा आय-फाइव्हच होता, दुरुस्तीवाल्याने बदलला असेल. प्रोसेसर बोर्डावर डकवलेला असतो, जेल रोडवर बसून कोणी बदलत नाही, हे मुलीने शांतपणे सांगितलं. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानाकडून उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन अर्ज केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. वकील केलेला नाही, मुलीनेच अर्ज लिहिला. पक्कं बिल असतं तर काम सोपं होतं. त्यावर प्रोसेसरचं मॉडेल आणि यंत्राचा सीरियल नंबर लिहून घेतला असता तर आणखी सोपं. ओपन बॉक्सच्या नावाखाली खोकाही दिला नव्हता, त्यामुळे आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, छापील किंमत, काहीच हाती नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर आणि चार्जरवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. आमच्या दोन्हींवर तो नाही. त्याचे फोटो अर्जाला जोडलेत. सोबत यूपीआयची नोंद आणि ती चिठ्ठी.

मंगळागौरीला जिला मी पत्ता दिला होता, तिच्या घरी मी स्वतः गेले. चार्जर बघितला, १२ व्होल्ट, २ अँपिअर. तिची माफी मागितली. तिनेही वेगळी तक्रार केली आहे.

मुलगी आता सिम्युलेशन विभागाच्या प्रयोगशाळेत चालवते. जो प्रोग्रॅम तिने तीन आठवडे खोडून लिहिला, त्याचा अगदी पहिला मसुदा तिने तिथे चालवून पाहिला. सहा मिनिटांत उत्तर आलं, आणि बरोबर आलं. तिने तिथूनच मला फोन केला.

दुरुस्तीवाल्याने ती फाइल पुसली नाही. व्हिडिओ घेऊन पुन्हा होती तशी चालू करून दिली, म्हणाला, हाच तुमचा पुरावा, याला हात लावू नका. त्यामुळे सकाळी लॅपटॉप उघडला की ती काळी चौकट अजूनही चमकते, आणि पडद्यावर आय-फाइव्ह लिहून येतं. सुनावणीची तारीख यायची आहे.