नैरोबी ते मोंबासा: विमान की ट्रेन?

हवाई अंतर जेमतेम सव्वाचारशे किमी, विमान तासाभरात उतरवतं, त्यामुळे लोक डोळे झाकून फ्लाइट बुक करतात. पण शहरातून जोमो केन्याटा एअरपोर्ट गाठायचा, तिथलं ट्रॅफिक म्हणजे डोक्याला ताप, मग चेक-इन, सिक्युरिटी, बॅगेची वाट बघा, सगळं धरलं तर चार तास कुठेच गेले नाहीत.

२०१७ ला सुरू झालेली मदाराका एक्सप्रेस ४७२ किमीला पाच-सहा तास घेते, तिकीट बरंच स्वस्त, आणि गाडी त्सावोच्या जंगलातून जाते, नशीब असेल तर खिडकीतून लाल मातीने माखलेले हत्ती दिसतात, हे विमानात कुठून मिळणार! फक्त स्टेशनं दोन्हीकडे आडबाजूला, नैरोबीचं स्योकिमाऊला, मोंबासाचं मिरितिनीला, म्हणजे टॅक्सी आलीच. आणि गाडीत चढण्याआधी बॅगा जमिनीवर ओळीने मांडायच्या, कुत्रा हुंगून जातो, सगळे लांब उभे राहून बघतात, म्हणून तासभर आधी पोचलेलं बरं.

मला विचाराल तर दिवसा जायचं असेल तर ट्रेनच. पुढे मोंबासाहून लगेच दुसरी फ्लाइट पकडायची असेल तर मात्र हत्तीबित्ती विसरा, सरळ विमानाने जा.