व्हॅक्यूम सीलर, गळाची मासोळी आणि ती सीलची पट्टी: आठ महिन्यांचा अनुभव

परवा फ्रीझर उघडला तर दहापैकी चार पाकिटं सैल पडलेली. आत हवा शिरलेली, गळाला आमिष म्हणून लावायच्या मासोळीच्या पोटावर पांढरे कोरडे चट्टे. अशी मासोळी पहिल्याच फेकीला गळावरून निसटते. म्हणून आज लिहायला बसलो.

पिशवीतली हवा ओढून तोंड चिकटवणारी ही मशीन ऑक्टोबरात घेतली. कन्हान नदीवर मासे धरणारे ढिवर भाऊ बोटभर मासोळी किलोनं देतात. मरळ मासा धरायला रविवारी वीस-पंचवीस लागतात, उरलेली फेकवत नाही. एवढ्यासाठीच हा खर्च.

हवा जोरात ओढते. तक्रार फक्त सीलची. मासोळी ओली असली की हवेबरोबर पाणीही वर चढतं, नेमकं पट्टीवर थांबतं आणि तिथं प्लास्टिक नीट चिकटत नाही. दिसायला जुळलेली दिसते, नखानं ओढली की सुटते. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "भाऊ, ओले मासे घातले, वॉरंटीत बसत नाही." खोक्यावर चित्र मासळीचंच आहे! दोन चकरा मारल्या, पेट्रोल माझं गेलं. तो राग अजून उतरला नाही.

जानेवारीत मशीन विकायलाच काढली होती. तेव्हा ढिवर भाऊच म्हणाले, आधी मीठ लावा. इतवारी बाजारातून जाडं मीठ आणलं, मासोळीला चोळलं आणि चाळणीत रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी खालच्या परातीत वाटीभर पाणी, मासोळी चांगली घट्ट. मीठ झटकायचं, कागदानं टिपायची, ताटात सुटी सुटी पसरून तासभर फ्रीझरला, मग पाकीट. पाठीचा काटा पिशवीला भोक पाडतो, तो कात्रीनं उडवायचा. पाकीट एकाच थराचं, म्हणजे लवकर गोठतं. सावकाश गोठलं की मांसात बर्फाचे मोठे खडे होतात आणि बर्फ सुटल्यावर लगदा होतो. मुरवलेली मासोळी तर उणे 18 अंशालाही दगड होत नाही, हव्या तेवढ्या दोन-चार काढून घेता येतात.

आणि परवाची ती चार? हे लिहिता लिहिता उठून तारखा पाहिल्या. चारही डिसेंबरातली, बिनमिठाची. मीठ लावलेली सहाही अजून पिशवीला घट्ट चिकटलेली आहेत, त्यातलं एक फेब्रुवारीचं.

पिशव्या मात्र खरबरीत नक्षीच्याच लागतात, गुळगुळीत पिशवीतली हवा ही मशीन ओढत नाही, आणि त्या महाग पडतात. मी धुऊन, तोंड कापून दोनदा वापरतो.

तीन तारे. मशीनला चार दिले असते, एक त्या दोन चकरांचा कापला.