नंबर तोच, कंपनी दुसरी : देवगड तालुक्यातून पाहिलेली पोर्टेबिलिटी

देवगडच्या हापूसच्या पेटीवर बागायतदाराच्या नावाखाली जो मोबाईल नंबर छापलेला असतो, तो पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे ‘आंबेवाले’ म्हणून साठवलेला असतो. तो सोडणे म्हणजे गिऱ्हाईक सोडणे, म्हणून घरात रेंज मिळाली नाही तरी माणसे सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळावर, जाऊन बोलत, पण कंपनी बदलत नसत. नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ च्या २० जानेवारीपासून देशभर लागू झाली आणि ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून, म्हणजे दूरसंचार सेवेच्या एका विभागातून, दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर नेता येऊ लागला. या सेवेचा आमच्या भागात प्रत्यक्ष उपयोग कसा होतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. माझे मत आधीच सांगतो : नियम आणि यंत्रणा उत्तम आहेत, फसगत होते ती फोनच्या निवडीत आणि काउंटरवर.

प्रक्रिया खरोखरच सोपी आहे. ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, जागा सोडून पुढे आपला नंबर टाकायचा आणि तो संदेश १९०० वर पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड परत येतो. हा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो, तेवढ्या अवधीत तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे लागते. डिसेंबर २०१९ मध्ये नियम बदलल्यापासून पात्रतेची तपासणी कोड देण्यापूर्वीच होते, त्यामुळे पूर्वीसारखा अर्ज भरून आठवडाभराने नकार येण्याचा प्रकार पुष्कळ कमी झाला आहे. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत, पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे आणि हरवलेले किंवा खराब झालेले सिम नुकतेच बदलून घेतले असेल तर सात दिवस थांबावे, एवढ्याच मुख्य अटी आहेत. त्याच सर्कलमध्ये तीन कामकाजाच्या दिवसांत आणि सर्कल बदलत असेल तर पाच दिवसांत काम होते. प्रत्यक्ष बदलाच्या वेळी काही तास जुने सिम बंद पडते आणि नवे सुरू व्हायचे असते, म्हणून एप्रिल-मेच्या हंगामात या भानगडीत न पडणेच बरे.

सर्कलचा मुद्दा आपल्याकडे वारंवार गोंधळ घालतो. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोवा हे एकाच सर्कलमध्ये येतात, मुंबई मात्र वेगळी आहे. सावंतवाडीचा माणूस म्हापशाला नोकरीला गेला तर काहीच करावे लागत नाही. निवृत्त होऊन गावी परतलेल्या चाकरमान्याचा नंबर मात्र मुंबई सर्कलचा असतो. सध्याच्या अमर्याद कॉलच्या प्लॅनमध्ये देशांतर्गत रोमिंगला वेगळा आकार नसल्याने केवळ सर्कलपायी धावपळ करण्याचे त्यालाही कारण नाही.

आता फोनकडे येऊ, कारण खरी मेख तेथे आहे. भारतात दुकानातून घेतलेला स्मार्टफोन सहसा कोणत्याही कंपनीचे सिम घेतो. अपवाद आहेत : २०१७ मध्ये आलेला जिओफोन फक्त जिओच्याच सिमवर चालतो, त्यामुळे आईच्या हातातल्या त्या फोनसकट कंपनी बदलू असे कोणी समजू नये. हप्त्यावर घेतलेल्या फोनला वित्तकंपनी लावते ते कुलूप निराळे, ते हप्ता थकल्यावर फोनच अडवते, त्याचा सिमशी संबंध नसतो. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो परदेशातून आलेल्या फोनचा. अमेरिकेत हप्त्यावर घेतलेला फोन बहुधा त्या मोबाईल कंपनीशी बांधलेला असतो आणि पैसे पुरते फिटल्यावर तीच कंपनी तो मोकळा करते. भाच्याने हौसेने पाठवलेला आयफोन गावी उघडला आणि सिम नाकारले, तर येथील दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. सिमखाली पातळ चिप चिकटवून काम भागवणारे लोक भेटतात, पण पुढच्या अपडेटला ते सगळे कोलमडू शकते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि मग ‘अबाउट’ उघडून ‘कॅरियर लॉक’ या ओळीपुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे दिसले तर फोन मोकळा आहे, हे भाच्याला तेथूनच पाहायला सांगावे. शिवाय अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनला सिमची खाचच नाही, तेथे ई-सिमशिवाय, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिमशिवाय, पर्याय नाही.

मोकळा फोन म्हणजे चालणारा फोन, असेही नाही. जिओकडे टूजी किंवा थ्रीजी नाहीच, त्यामुळे ज्या फोनमध्ये व्हीओएलटीईची, म्हणजे फोरजीवरूनच कॉल करण्याची, सोय नाही त्यातून जिओचा साधा कॉलही लागत नाही. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा बरेच लोक बीएसएनएलकडे वळले. बीएसएनएलचे फोरजी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे आणि ७०० चा पट्टा, म्हणजे बँड २८, जुन्या स्वस्त फोनांत पुष्कळदा नसतो. डोंगराआड लांबवर पोहोचणारा पट्टा नेमका हाच. त्यामुळे एकाच पडवीत बसलेल्या दोघांपैकी एकाला फोरजी मिळते आणि दुसऱ्याला नाही, यात नवल काही नाही.

जामसंड्याच्या ज्या छोट्या दुकानातून आमच्या घरचा नंबर बदलून घेतला, तेथल्या मुलाने अर्ज काढण्यापूर्वी विचारले, “काका, आधी तुमच्या वाडीत खयच्या कंपनीची रेंज गावता, ता सांगा.” मग त्याने फोन हातात घेऊन त्यातले बँड तपासले आणि घरी फायबर आहे म्हटल्यावर वाय-फाय कॉलिंग सुरू करून दिले, ज्यामुळे चिऱ्याच्या जाड भिंतीआडही फोन लागू लागला. पूर्ण गुण द्यावेत असे हे दुकान. याच्या उलट, बाजारात छत्री लावून बसलेल्या एका विक्रेत्याने फुकट डेटाचे आमिष दाखवत ‘सगळीकडे फुल रेंज’ असे छातीठोकपणे सांगितले आणि ‘आधीचा ठसा उमटला नाही’ म्हणून पुन्हा अंगठा मागितला. दुसरा ठसा देऊ नये, त्यावर आणखी एक सिम निघण्याचा धोका असतो. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. अर्ज देऊन पस्तावा झाला तर २४ तासांच्या आत ‘कॅन्सल’ आणि नंबर असा संदेश १९०० वर पाठवून तो रद्दही करता येतो.

एकदा कंपनी बदलली की मात्र तेथे ९० दिवस काढावेच लागतात. दोन सिमचा फोन असेल तर नव्या कंपनीचे साधे सिम आधी दुसऱ्या कप्प्यात घालून घरात, बागेत आणि बंदरावर पावसातही चालवून पाहावे आणि मगच पेटीवरच्या नंबराला हात लावावा.