बिलावरच्या ‘डीपी’ या दोन अक्षरांची किंमत

२०२४ च्या दिवाळीला आठवडा राहिला असताना मी पुण्यातल्या एका दुकानातून ५५ इंची ओलेड टीव्ही ८८,००० रुपयांना विकत घेतला. तपकीर गल्लीपासून उपनगरांतल्या मोठ्या दालनांपर्यंत जिथे जिथे मी चौकशी केली होती, तिथे त्याच मॉडेलला सव्वा लाखाच्या खाली कोणी यायला तयार नव्हते. माझा व्यवसाय हिशेबतपासणीचा आहे आणि दुसऱ्यांच्या व्हाउचरवरची खाडाखोड हुडकण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. म्हणूनच पुढचे लिहिताना मला संकोच वाटतो. तरीही लिहितो आहे, कारण ज्या पद्धतीने मी फसलो ती पद्धत सावध माणसालाच अधिक लागू पडते.

सावधपणा मी कुठे दाखवला होता, ते आधी सांगतो. घरात दोन गरजा होत्या. मला रात्री दिवे मालवून चित्रपट पाहायची सवय आहे आणि मुलाकडे प्लेस्टेशन ५ हे खेळयंत्र आहे. नेहमीच्या एलईडी टीव्हीत पडद्यामागे दिवे असतात आणि त्यांचा प्रकाश काळ्या भागातूनही थोडाफार झिरपतो, त्यामुळे रात्रीचा प्रसंग राखाडी दिसतो. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळे ते खरोखर काळे दिसते. क्यूएलईडी हे नाव कानाला तसेच वाटत असले, तरी तो मागे दिवे असलेलाच टीव्ही असतो. दोन दुकानांतल्या विक्रेत्यांनी मला ‘दोन्ही एकच, सर’ असे सांगितले, तेव्हा मी मनात हसून बाहेर पडलो होतो. त्यावरच्या खेळांसाठी मुलाची अट होती की ४के, म्हणजे अतिशय बारीक ठिपक्यांचे, चित्र सेकंदाला १२० वेळा बदलले पाहिजे. त्यासाठी एचडीएमआय, म्हणजे खेळयंत्राची तार टीव्हीला लावण्याच्या जोडणीची, २.१ ही आवृत्ती लागते, जुन्या २.० जोडणीतून ४के चित्र ६० वेळाच बदलू शकते. त्यातही मेख अशी की, टीव्हीच्या माहितीपत्रकावर ‘२.१’ छापलेले असले म्हणजे १२० ची सोय असतेच असे नाही, आणि काही मॉडेलांत चारांपैकी दोनच खाचा त्या वेगाच्या असतात. त्यांतली एक ध्वनियंत्रणेकडे गेली की खेळयंत्रासाठी एकच उरते. हे सगळे मी वहीत लिहून नेले होते आणि त्या बाबतीत मला एका पैशानेही कोणी फसवले नाही. मॉडेल अगदी हवे तेच मिळाले. प्रश्न होता तो त्या मॉडेलच्या कोणत्या नगाचा, आणि तो प्रश्न माझ्या वहीत नव्हता.

दुकानदार मोठा गोड बोलणारा होता. टीव्ही खोक्यातच होता, मात्र खोक्यावरची चिकटपट्टी नवी दिसत होती. मी विचारल्यावर तो लगेच म्हणाला, “सर, तुमच्यापासून काय लपवायचं? एका गिऱ्हाईकानं बुक केला होता, त्यांची भिंत लहान पडली. खोकं फक्त टेस्टिंगसाठी उघडलंय. म्हणून तर हा भाव, नाहीतर मला तरी कुठं परवडतंय.” सवलतीला असे पटण्याजोगे कारण मिळाले की आपला अर्धा संशय आपणच मिटवतो. त्याने टीव्ही लावूनही दाखवला. काळ्या पार्श्वभूमीवर फुलपाखरे, आतषबाजी, सोनेरी मासे अशी भराभर बदलणारी चित्रफीत होती आणि ती पाहून मी खूश झालो. ओलेडच्या पडद्यावरचा डाग अशा चित्रात दिसूच शकत नाही, हे मला पंधरा दिवसांनी समजले.

मग पैशांची बोलणी झाली. ८८,००० पैकी ४०,००० रोख दिले तरच हा भाव ‘बसतो’, असे तो म्हणाला. उरलेले ४८,००० मी यूपीआयने दिले. पक्के बिल मिळेल ना, हे मी दोनदा विचारले, आणि बिल खरोखरच पक्के मिळाले. त्यावर जीएसटी क्रमांक होता, टीव्हीचा अनुक्रमांक होता, सही-शिक्का होता. फक्त रक्कम ४८,००० होती. “रोखीचं बिलात कसं दाखवणार सर?” या प्रश्नावर मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या पुस्तकात अशी नोंद दिसली असती तर मी लाल पेन उचलले असते. स्वतःच्या खिशातले पस्तीस-चाळीस हजार वाचताना दिसले तेव्हा ते पेन खिशातच राहिले. त्याच बिलावर मॉडेलच्या क्रमांकानंतर एक तिरपी रेघ आणि पुढे ‘डीपी’ अशी दोन अक्षरे होती. ती दुकानाच्या साठ्याची काहीतरी खूण असावी, असे मी गृहीत धरले.

पहिले काही दिवस कौतुकात गेले. पाहुणे आले, फराळ झाला, चित्रपट पाहिले. दिवाळीची सुट्टी संपता संपता मुलगा बर्फाच्या प्रदेशातला एक खेळ खेळत होता. तो मध्येच थांबला आणि म्हणाला, “बाबा, डाव्या बाजूला काहीतरी लिहिल्यासारखं दिसतंय.” मला आधी दिसेना. त्याने खेळ बंद करून संपूर्ण पडद्यावर फिकट राखाडी रंगाचे एक सपाट चित्र लावले, आणि मग मलाही दिसले. डाव्या कडेला वरून खाली चार-पाच चौकोनांची मळकट छाया होती आणि तळाला एक आडवी पट्टी. तांबड्या रंगाचे चित्र लावल्यावर ती अधिक उठून दिसली. दुकानात नमुना म्हणून मांडलेल्या टीव्हीवर जी गुणवैशिष्ट्यांची चिन्हे सतत झळकत असतात, त्यांचीच ती सावली होती. एका चौकोनात ‘१२०’ हा आकडा प्रयत्न केला तर वाचताही येत होता.

हा दोष कसा येतो, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. ओलेडचे ठिपके सेंद्रिय रसायनांचे असतात आणि ते जितके उजळतात तितके झिजतात. सगळा पडदा सारखा झिजला तर डोळ्यांना काही कळत नाही. मात्र एखादे चिन्ह, बातम्यांच्या वाहिनीची पट्टी किंवा खेळातला गुणफलक एकाच जागी हजारो तास राहिला, तर तेवढीच जागा वेगळी झिजते आणि त्याची छाया कायमची राहते. घरात जपून वापरलेल्या टीव्हीला सहसा ही वेळ येत नाही, कारण टीव्ही बंद असताना तो स्वतःच ठिपक्यांची दुरुस्ती करत असतो. दुकानात मांडलेला टीव्ही मात्र सर्वांत झगमगीत चित्रावर ठेवलेला असतो, दिवसभर चालू असतो आणि त्याच्यावरची चिन्हे जागची हलत नाहीत. ओलेडच्या बाबतीत याहून कठोर वापर मला तरी सुचत नाही.

आमच्या टीव्हीत मेनूतल्या माहितीच्या पानावर मॉडेल आणि अनुक्रमांकाच्या खाली एकूण चालू असल्याचे तास दिसतात. ते पान मी त्या रात्री पहिल्यांदा उघडले. आकडा होता ५,८१७. आमच्याकडे टीव्ही आल्यापासून रोज सहा तास धरले तरी शंभराच्या आसपास तास होत होते. उरलेल्या सुमारे ५,७०० तासांना दुकानाच्या बारा तासांच्या दिवसाने भागले की ४७५ दिवस येतात. म्हणजे ‘फक्त टेस्टिंगसाठी उघडलेला’ टीव्ही जवळपास सोळा महिने कुणाच्या तरी भिंतीवर फुलपाखरे उडवत होता.

मेनूतला पडदा-दुरुस्तीचा दीर्घ कार्यक्रम आम्ही एकदा चालवून पाहिला. तासाभराने छाया किंचित पुसट झाली, पण गेली नाही. कंपनीचा तंत्रज्ञ बोलावला. त्याने अनुक्रमांक टाकून पाहिला आणि हमीची मुदत चौदा महिन्यांपूर्वीच सुरू झालेली असल्याचे सांगितले. एका वर्षाची हमी माझ्या घरी येण्यापूर्वीच संपली होती. ती शिल्लक असती तरी छापील अटींनुसार पडद्यावरची अशी छाया तिच्यात बसत नव्हती. नवा पडदा बसवण्याचा त्याने सांगितलेला खर्च मी दिलेल्या किमतीच्या इतका जवळ होता, की तो प्रश्न तिथेच मिटला.

मी दुकानात गेलो. दुकानदाराने आवाज चढवला नाही, मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्याच बिलाची प्रत समोर ठेवली. “सर, इथं ‘डीपी’ लिहिलंय, म्हणजे डिस्प्ले पीस. आणि नवा ओलेड ४८,००० ला कुठं मिळतो, तुम्हीच सांगा. तुम्हाला माहीत होतं म्हणून तर या भावात घेतलात ना?” त्या क्षणी मला सगळी मांडणी उलगडली. रोख मागण्यामागे कर वाचवणे एवढाच हेतू असेल असे मी समजत होतो, परंतु त्या ४०,००० रुपयांनी आणखी एक काम केले होते. त्यांनी बिलावरची किंमत इतकी खाली आणली की तो कागदच ‘खरेदीदाराला वस्तू जुनी असल्याचे ठाऊक होते’ याचा पुरावा बनला. दोन अक्षरे आणि एक आकडा. पैकी आकड्याला माझी मूक संमती होती, आणि ती देताना मी स्वतःला चतुर समजत होतो.

जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही पडत नाही. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानाकडून उत्तर म्हणून तीच बिलाची प्रत आली. त्यानंतर ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद पाहून पहिला प्रश्न विचारला, “रोख दिल्याचा पुरावा?” तो नव्हता. पण खरेदीच्या आदल्या दिवशी दुकानातल्या मुलाने मोबाइलवर पाठवलेला एक संदेश मी पुसलेला नव्हता. त्यात लिहिले होते की ८८ फायनल, खोके फक्त टेस्टिंगसाठी उघडले आहे, एक वर्षाची कंपनी हमी. बिलाविरुद्ध उभा राहील असा माझ्याकडचा तो एकमेव लेखी शब्द होता. त्या संदेशाच्या प्रतीसह नोटीस गेली आणि महिनाभराच्या ओढाताणीनंतर दुकानदाराने ३५,००० रुपये परत केले. टीव्ही माझ्याकडेच राहिला. आयोगात गेलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते, असे काही मित्र म्हणतात. तिथे मला माझ्याच रोखीच्या व्यवहाराबद्दल शपथपत्र लिहावे लागले असते, आणि ते लिहिण्याची माझी तयारी नव्हती, हे कबूल करतो.

मुलाच्या दृष्टीने टीव्ही अजून उत्तम आहे. खेळयंत्राच्या माहितीच्या पानावर १२० चा आकडा दिसतो आणि अंधाऱ्या गुहांच्या खेळांत छाया जाणवत नाही. मी बर्फाचे आणि वाळवंटाचे चित्रपट जुन्या टीव्हीवर आतल्या खोलीत पाहतो.

यंदा नाशिकच्या ताईला तसाच टीव्ही घ्यायचा होता, तेव्हा तिने मला बरोबर नेले. मी पेनड्राइव्हवर पाच सपाट चित्रे घेतली होती: गडद राखाडी, फिकट राखाडी, तांबडे, पिवळे आणि पांढरे. पहिल्या दुकानात पेनड्राइव्ह लावू देणार नाही असे सांगितले, म्हणून आम्ही उठलो. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने चित्रे लावू दिली, पण माहितीचे पान उघडायला सांगताच मालकांना विचारून येतो म्हणाला आणि परत आलाच नाही. तिसऱ्या ठिकाणी बंद खोके आमच्या समोर फोडले. खोक्यावरचा, टीव्हीच्या पाठीवरचा आणि मेनूतला असे तिन्ही अनुक्रमांक मी एकेक अंक बोट ठेवून जुळवले. तास शून्य होते. बिल पूर्ण रकमेचे करायला लावले आणि मॉडेलच्या पुढे दुकानाने स्वतःहून घातलेली दोन अक्षरे कोणती, ते विचारले. मालक वैतागून म्हणाले, “अहो साहेब, ‘बीके’ म्हणजे ब्लॅक, रंग आहे तो!” मी त्यांना तेवढा शब्द बिलावर पूर्ण लिहायला लावला. ताई दुसरीकडे पाहत होती.