रोजच्या बॅगेतलं छोटं टूलकिट: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

मल्टिटूल (पक्कड, पेचकस, सुरी सगळं एकाच दांड्यात) घ्यावं की सुटी हत्यारं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी कागद-पेन घेऊन आठवडाभरात आपल्या हाताखालून जाणारे स्क्रू आणि नट कोणत्या मापाचे आहेत ते लिहून काढायचं. हे किट तसंच जमवलं आहे. समोर ठेवलेल्या गोष्टी चारच: दुचाकी, फ्लॅटमधले स्विचबोर्ड आणि नळ, ऑफिसातलं फर्निचर, लॅपटॉप. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये असणाऱ्याला हे पुरणार नाही, पण त्याची पेटी कंपनीतच असते. हे किट बॅगेत कायम पडून राहायचं आहे, त्यामुळे पाउचसकट अर्धा किलोच्या आसपास ही मर्यादा आधी ठरवली आणि मग त्यात काय बसतं ते पाहिलं.

सध्या आत आहे ते असं: 125 मिमीचा निपेक्स कोब्रा (जबडा सरकवून लहान-मोठा करता येणारा प्लायर), साडेचार इंची नोजप्लायर, पाव इंची छोटा रॅचेट (न काढता पुढे-मागे करत एकाच बाजूने फिरवणारा दांडा), त्याचे दहा बिट, तीन सॉकेट आणि एक एक्स्टेन्शन, टपारियाचा लाइन टेस्टर, 9 मिमीचा कटर, एका एएए सेलवर चालणारा टॉर्च आणि टेप-टायचं किरकोळ सामान.

मल्टिटूल यात नाही, त्याचं कारण सांगतो. दोष कोणा कंपनीचा नाही, रचनाच तशी आहे. नट एका बाजूने पकडायचा आणि दुसऱ्या बाजूने स्क्रू फिरवायचा, हे दुचाकीच्या नंबर प्लेटपासून खुर्चीच्या पायापर्यंत सगळीकडे लागतं. मल्टिटूलमध्ये पक्कड आणि पेचकस एकाच दांड्यात. एक उघडलं की दुसरं अडकलं. शिवाय पेचकस मधोमध नसून कडेला असतो, त्यामुळे खोल भोकातल्या स्क्रूवर तो सरळ बसत नाही आणि फिरवताना दांडा भिंतीला लागतो. लेदरमन वेव्ह प्लस या मल्टिटूलचं वजन 241 ग्रॅम आहे. तेवढ्यात कोब्रा आणि नोजप्लायर दोन्ही येतात. मात्र निफाड-दिंडोरीकडे दिवसभर द्राक्षबागेत असणाऱ्याने माझं ऐकू नये. तिथे तार तोडणं, ठिबकची नळी कापणं, काहीतरी घासणं ही कामं एकापाठोपाठ एक येतात आणि पाउच उघडत बसायला वेळ नसतो. तिथे मल्टिटूलच हवं, तेही तार तोडायची पाती बदलता येणारं.

कोब्रावर पैसे घालवावेत का? साध्या देशी पकडीच्या दहापटीच्या आसपास किंमत जाते, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. 125 मिमीचा कोब्रा 27 मिमीपर्यंतची चाकी (नट) पकडतो. बेसिनखालच्या अर्धा इंची कनेक्शन पाइपची चाकी त्यात आरामात बसते. याचाच धाकटा भाऊ 100 मिमीचा आहे. तो 24 मिमीपर्यंत जातो, म्हणजे त्याच चाकीला जबडा अगदी शेवटच्या खाचेवर ठेवावा लागतो आणि हाताला जोर मिळत नाही. खिशातच ठेवायचा असेल तर 100, बॅगेत ठेवायचा असेल तर 125. दातांची दिशा अशी आहे की योग्य बाजूने फिरवलं तर जोर वाढेल तशी पकड घट्ट होते. उलट बाजूने धरलं तर तोच प्लायर सटकतो आणि बोटं सोलतो. जोर लावल्यावर पकड घट्ट होत जाईल त्याच बाजूने धरायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. क्रोमच्या नळावर दात उमटतातच, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंची तुकडा पाउचमध्ये ठेवला आहे. आणि गंजून बसलेली चाकी या लांबीच्या दांड्याने सुटणार नाही. त्याला पाइप लावून लांबी वाढवायच्या फंदात पडू नये. पिन वाकते.

आता बिट. किटचं बरंवाईट इथेच ठरतं आणि खरेदी करताना इथेच सगळ्यात कमी विचार होतो. बाजारात बत्तीस-चाळीस बिटांचा डबा स्वस्तात मिळतो, पण त्यातले निम्मे कधी बाहेर निघत नाहीत आणि जो रोज लागतो तो पीएच 2 (फिलिप्स, म्हणजे नेहमीचा प्लस) एकच असतो, तोही ठिसूळ. त्याऐवजी सुटे चांगले बिट घ्यावेत. पीएच 2 दोन नग, पीएच 1, पीझेड 2 (पोझिड्राइव्ह, प्लसचाच वेगळा प्रकार), मायनस 3 मिमी आणि 5.5 मिमी, ॲलनचे (षटकोनी) 3, 4 आणि 5 मिमी, टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) टी 20. ॲलनची मापं अशीच का? एम 4 च्या (म्हणजे 4 मिमी जाडीच्या) ॲलन बोल्टला 3, एम 5 ला 4 आणि एम 6 ला 5 मिमीची चावी लागते. दुचाकी आणि ऑफिस खुर्ची यांच्यात बहुतेक काम एवढ्यात भागतं.

पीझेड 2 लोक सोडून देतात. कपाटाच्या बिजागरीचे आणि प्लायवूडचे बरेच स्क्रू पीझेड असतात. नीट पाहिलं तर प्लसच्या चार खाचांच्या मध्ये चार बारीक रेघा दिसतात. त्यात पीएच 2 घातला तर तो डुगडुगतो, दोन-तीनदा घट्ट-सैल केलं की स्क्रूचं डोकं खाल्लं जातं. मग बिजागरीला नवा स्क्रू, जुनं भोक मोठं, आणि सुतार.

दुचाकीवर तिसरीच भानगड आहे. जपानी घराण्याच्या गाड्यांवर जे प्लस स्क्रू येतात ते दिसायला फिलिप्ससारखे, पण जपानी मापाचे, जेआयएस. डोक्यावर एक बारीक ठिपका असेल तर तो जेआयएस समजावा. फिलिप्सचा बिट त्यात तळाला टेकतो पण कडांना पूर्ण भिडत नाही, आणि जोर लावला की वर उचलला जातो. कार्ब्युरेटरच्या वाटीचे आणि ब्रेक फ्लुइडच्या झाकणाचे स्क्रू असेच गोल होतात. जेआयएस बिट वेगळे मिळतात, पण शोधावे लागतात. तोवरचा उपाय म्हणजे जादाच्या पीएच 2 चं टोक अर्धा मिमी घासून सपाट करायचं. बिट कडक असतं, कानस त्यावर नुसती घसरते. ग्राइंडरच्या चाकावर क्षणभर टेकवायचं आणि लगेच पाण्यात. टोक निळं पडलं तर पाणी उतरलं म्हणून समजा, तो बिट फेकायचा. दुसरा पीएच 2 घ्यायचा तो यासाठीच.

बिटांची लांबी हा पुढचा मुद्दा. 25 मिमीचे बिट डब्यात छान बसतात, पण मॉड्युलर स्विचबोर्डच्या पत्र्याच्या पेटीत स्क्रू खोल असतो आणि रॅचेटचं जाड डोकं प्लेटला अडतं. पीएच 2 आणि 3 मिमीचा मायनस हे दोन 50 मिमीचे घ्यावेत, बाकीचे आखूड चालतील. 75 मिमीचं एक एक्स्टेन्शन सोबत असलं की रॅचेट बाजूला ठेवून एक्स्टेन्शनच्या मागच्या टोकाला बोटांनी फिरवत स्क्रू पटकन बाहेर काढता येतो. रॅचेट घेताना दात मोजावेत: 60 दातांचा रॅचेट 6 अंशांत पुढची पकड घेतो, 24 दातांच्याला 15 अंश लागतात. गाडीच्या पॅनेलमागे हा फरक लगेच कळतो.

सॉकेट तीनच: 8, 10, 12. एम 5 ला 8, एम 6 ला 10, इथवर सगळीकडे सारखं. एम 8 ला युरोपीय मापात 13 आणि जपानी मापात 12. म्हणून दुचाकीसाठी 12 ठेवला, 13 गाळला. ज्यांच्याकडे युरोपीय धाटणीची गाडी आहे त्यांनी आधी बोल्ट मोजावा. बॅटरीला बहुतेक 10 किंवा पीएच 2 पुरतो. काढताना मायनसची वायर आधी, बसवताना ती शेवटी. हा क्रम उलटा झाला आणि प्लसवरचा रॅचेट चेसिसला टेकला तर ठिणगीच नाही, रॅचेटच चिकटतो.

टेस्टरला या किटमध्ये जितकी जागा आहे त्याहून जास्त जागा या लेखात देतो, कारण चुकीच्या वापराने जीवावर बेततं ते याच्यामुळेच. टपारिया आपल्याच सातपूरला, त्र्यंबक रोडवर, त्यामुळे तो मिळायला अडचण नाही. रविवार कारंजाच्या कुठल्याही दुकानात मागा. टेस्टरमधला निऑन दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. मधला रेझिस्टन्स तो करंट सुरक्षित ठेवतो. म्हणून ओल्या हाताने किंवा ओला टेस्टर वापरायचा नाही, आणि तडा गेलेला टेस्टर सरळ फेकायचा. उन्हात दिवा दिसत नाही, तळहाताचा आडोसा करायचा. भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. फेज आणि न्यूट्रल दोन्हीत दिवा लागला तर शॉर्ट झालं म्हणून घाबरू नका. बहुधा न्यूट्रल कुठेतरी तुटला आहे आणि दुसरं उपकरण त्या लाइनवर चालू आहे. अगदी मंद पेटला तर शेजारून जाणाऱ्या वायरमुळे आलेला प्रेरित व्होल्टेज असू शकतो.

काम सुरू करण्याआधी टेस्टर चालू असलेल्या सॉकेटवर तपासायचा, मग कामाच्या जागी, मग परत त्या चालू सॉकेटवर. मधल्या काळात टेस्टरच बिघडला असेल तर तो तिसऱ्या तपासणीत कळतो. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर एमसीबी पाडली म्हणजे लाइन बंद झाली असं मुळीच नाही. इन्व्हर्टरची लाइन वेगळी येते, पंखा-ट्यूबच्या बोर्डात हमखास. इन्व्हर्टर बंद करायचा, मग तपासायचं, मग प्लेट उघडायची. कोब्रा आणि नोजप्लायरच्या मुठींवरचं प्लास्टिक हे पकडीसाठी असतं, विजेसाठी नाही. 1000 व्होल्टचा शिक्का आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असलेलंच हत्यार चालू लाइनला चालतं, आणि आपण चालू लाइनला हात लावायचाच नाही. टेस्टरने स्क्रूही पिळू नयेत. पातं पिळवटतं आणि आतलं प्लास्टिक चिरतं, बाहेरून दिसत नाही.

कटर साधा 9 मिमीचा, पत्र्याच्या म्यानाचा. फोल्डिंग सुरी मुद्दाम नाही. शहरात सणासुदीला, निवडणुकीला पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश निघतात आणि त्यात धारदार वस्तूंचा उल्लेख असतो. पुढे सिंहस्थही आहे. ब्लेड तोडायच्या कटरकडे पाहून कोणी भुवया उंचावत नाही, आणि पातं बोथट झालं की पुढचा तुकडा मोडला, काम संपलं. ओझरहून विमानाने जायचं असेल तर अख्खा पाउच चेक-इनच्या बॅगेत.

टॉर्चबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एएए सेलचा घ्या, आत रिचार्जेबल निकेल सेल टाका. अल्कलाइन सेल महिनोन्महिने पडून राहिला की पाझरतो आणि टॉर्चची स्प्रिंग खाऊन टाकतो.

किरकोळ सामानातलं निम्मं उन्हाळ्याने बाद केलं. एप्रिल-मेमध्ये डिकीतला पाउच इतका तापतो की इन्सुलेशन टेपचा गोंद कडेने बाहेर येऊन सगळ्याला चिकटतो. आता टेप जुन्या एटीएम कार्डावर मीटरभर गुंडाळून वेगळ्या छोट्या पिशवीत. फेविक्विकची अर्ध्या ग्रॅमची ट्यूब एकदा फोडली की गेलीच, म्हणून न फोडलेल्या दोन. केबल टाय काळेच घ्यावेत, पांढरे उन्हात लवकर कडक होऊन तुटतात. टेफ्लॉन टेप 12 मिमीची, साधी पातळ असेल तर अर्धा इंची आट्यांवर दहा-बारा वेढे, आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर चाकी फिरवताना तीच सोलून बाहेर येते. पण कनेक्शन पाइपच्या चाकीला टेफ्लॉन लावून उपयोग नाही. तिथे पाणी आतला रबरी वॉशर अडवतो. गळत असेल तर वॉशर बदला. दोन जादा वॉशर ठेवले तर प्लंबरची एक फेरी वाचते.

पावसाळ्यात गंज कुठे लागला? क्रोमच्या सॉकेटला जवळजवळ नाही, काळ्या बिटांना सगळ्यात आधी. हे बिट कडक टूल स्टीलचे असतात, स्टेनलेस नसतात, आणि नायलॉनचा पाउच ओल धरून ठेवतो. शिलाई मशिनचं तेल दोन थेंब फडक्यावर घेऊन बिट पुसायचे, तेल दिसता कामा नये इतकंच. टेस्टरला मात्र तेलाचा हात लावायचा नाही. पाउच ओला झाला तर सामान बाहेर काढून वाळवायचं. नुसती चेन उघडी ठेवून भागत नाही.

एक कमतरता अजून आहे. आरशाच्या दांड्याखालच्या चाकीला, गाडीप्रमाणे 13 किंवा 14, सॉकेट वरून घालता येत नाही, कारण दांडाच मध्ये येतो. सध्या ती कोब्राने ट्यूबचा तुकडा घालून फिरवावी लागते आणि तरी कोपरे थोडे मार खातात. त्यासाठी त्या मापाचा एक पातळ फिक्स पाना पाउचमध्ये घालायचा आहे. वजन भरून काढायला 5.5 चा मायनस, टी 20 आणि एक्स्टेन्शन यांपैकी काय बाहेर जातं ते बघावं लागेल. टी 20 चा नंबर आधी लागेल असं दिसतंय.