प्लास्टिकची तयार सेप्टिक टँक: दोन पावसाळे काढल्यावर

दोन हजार लिटरची तयार टाकी गुहागर तालुक्यातल्या घरी बसवली, त्याला दोन पावसाळे झाले. एरवी घरात आम्ही तिघंच. टाकीचे कप्पे किती, जाडी किती वगैरे माहिती सगळीकडे मिळते, ती पुन्हा देत नाही. लिहायला बसलो ते यंदाच्या गणपतीतल्या प्रकारामुळे.

मुंबई-पुण्याची सगळी मंडळी आलेली, बाहेर पाऊस धो धो, आणि गौरी जेवायच्या दिवशीच संडासात ओतलेलं पाणी गुडगुडत वर यायला लागलं. वडील म्हणाले, "चिऱ्याची बांधली असतीस तर ही वेळ आली नसती." मीही कंपनीच्या नावाने बोटं मोडत तालुक्याहून उपसायची गाडी बोलावली. सणाचा भाव साडेतीन हजार, तोही आगाऊ.

गाडीवाल्याने झाकण काढून आत पाहिलं आणि पाइप न लावताच टाकीतलं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्याकडे गेला. "काका, टाकीचा काय दोष नाय. खड्डाच तुडुंब हाय, टाकीतलं जाणार कुठं?" बरोबर होतं. मागच्या पडवीच्या पागोळ्यांचं पाणी गवंड्याने काढलेल्या उतारावरून थेट खड्ड्यावर जात होतं. तेव्हा बांधीव टाकी असती तरी तुंबलीच असती. तिथे आता पन्हळ लावून पाणी माडांकडे वळवलंय. मोरीचं पाणी आधीपासूनच माडांना जातं, ते टाकीत सोडूच नये.

टाकी पूर्ण रिकामी करायला मात्र त्याने साफ नकार दिला. भर पावसात जमिनीत पाणी चढलेलं असतं, रिकामी प्लास्टिकची टाकी होडीसारखी वर उचलली जाते आणि जोडलेले पाइप तुटतात. म्हणून निम्मी उपसली आणि लगेच साधं पाणी भरलं. ही गोष्ट विकणाऱ्याने सांगायला हवी होती. साडेतीन हजारांत निम्मंच काम झालं ही माझी कुरकुर तिथेच थांबली.

बॅक्टेरियाच्या पुड्यांबद्दल सगळे विचारतात. वर्षभर दरमहा टाकल्या, मग बंद केल्या, काडीचा फरक पडला नाही. लागणारे जंतू मैल्यातूनच येतात. संडासात अ‍ॅसिड ओतायचं थांबवलंत तर ते जगतात, आणि तो उपाय फुकट आहे. तळाचा गाळ तसाही कुठल्याच पुडीने नाहीसा होत नाही, दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो.

आता माझं खरं दुखणं. झाकणाखालची रबरी रिंग. उघडलं तेव्हा ती चपटी होऊन दोन ठिकाणी चिरलेली होती. रिंग गेली की पावसाचं पाणी आत, वास आणि डास बाहेर. ग्राहक सेवेला फोन केला तर बाई म्हणाल्या, "सर, रिंग सुटी येत नाही, झाकणाचा पूर्ण सेट घ्यावा लागेल." दीड हजार, वर वाहतूक वेगळी! झाकण ठणठणीत आहे हो, मला रबर हवंय. शेवटी पंक्चरवाल्याकडून स्कूटरची जुनी ट्यूब आणली, खाचेच्या मापाची पट्टी कापली आणि टोकं सोल्युशनने चिकटवली. झाकण आता दोन हातांनी दाबून फिरवावं लागतं, पण वास शून्य. टाकीला पाचपैकी साडेचार देणार होतो, रिंगेपायी एक पूर्ण गुण कापला.

गाळ किती साचलाय ते पाहायला लांब काठीला जुनं पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत सोडायचं, थोडं थांबून सरळ वर काढायचं. गाळ असतो तिथपर्यंत फडकं काळंकुट्ट होतं. पाण्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत आलं की गाडी बोलवा. आत वाकून बघू नका, आणि "उतरून साफ करतो" म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो, आणि सुरक्षासाधनांशिवाय कुणाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

उपसलेलं कुठे नेता, असं विचारल्यावर गाडीवाला "लांब सोडतो" एवढंच म्हणाला. वाईला २०१८ पासून नगरपालिका घरोघर पाळीने टाक्या उपसते आणि तो मैला प्रक्रियेला जातो. आमच्याकडे मात्र "लांब" म्हणजे कुणाच्या तरी पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, अशी मला दाट शंका आहे. विहिरीपासून शोषखड्डा किमान १८ मीटर हवा म्हणून मी टेप लावून जागा मोजून घेतली होती, त्याचा या "लांब"पुढे काय उपयोग?

पुढचा उपसा एप्रिलमध्ये, पूर्ण. पावसात आमच्या उतारावर गाडी येत नाही, यंदाही ती वरच्या बांधावर उभी करून पाइप खाली ओढावा लागला. फोनवरच पाइपची लांबी विचारून घ्या, नाहीतर जादा पाइपाचे पैसे वेगळे लावतात.

ता. क.: रिंगेची तक्रार कंपनीने परस्पर "निवारण झाले" म्हणून बंद केली. मी ती पुन्हा उघडली आहे.